न मारलेला हॉर्न

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माझी बायको पै-पाहुण्यांत सांगते. कौतुकानं सांगते की तक्रार म्हणून, ते मला इतक्या वर्षांच्या संसारात कळलेलं नाही. लोक हसतात, मीही हसतो. रागीट माणूस मनानं चांगला असतो, अशी आपल्याकडं एक समजूत आहे. ती बहुधा रागीट माणसांनीच पसरवली असावी. माझ्या रागानं एका बाईचं काय केलं ते मी पंधरा-सोळा वर्षं कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा. आज लिहितोय ते लाज वाटते म्हणून. मोठेपणा समजू नका.

वाडीचं नाव लिहीत नाही. गगनबावड्याला जाताना डांबरी सोडून डावीकडं एक रस्ता डोंगरात चढतो, त्याच्या शेवटाला आमची तीस-पस्तीस घरं. पावसाळ्याचे चार महिने घरातल्या भिंतींना हात लावला तरी ओला होतो. धुकं असं, की शेजारच्या घरातलं माणूस दिसत नाही, नुसतं खोकताना ऐकू येतं. त्यामुळं आमच्याकडं डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा. म्हैस कुठल्या अंगाला चरतेय, कोण लाकडं तोडतंय, कुणाच्या घरी भांडण चाललंय, सगळं कानानं कळतं.

रस्ता नव्हता तेव्हा आजारी माणसाला घोंगड्याच्या झोळीत घालून, बांबूला अडकवून खाली न्यायचे. बरा झाला की तशाच झोळीतनं किंवा चालवत वर आणायचे. अर्ध्या चढावर एक वळण आहे, तिथं डोंगर आत घुसल्यासारखा आहे, त्यामुळं तिथनं ओरडलं की आवाज थेट वाडीत पोचतो. परतणारी माणसं त्या वळणावर हाळी द्यायची. लांब, एका दमात. हाळी आली की वाडीत चूल पेटायची, पाणी तापायचं. आणि झोळीतला माणूस वाटेत गेलेला असला, तर हाळी द्यायची नाही. गप चढायचं. पावलं वाजली, काठ्या वाजल्या, आणि हाळी आली नाही, की वर समजून जायचे. ही रीत कुणी घालून दिली ठाऊक नाही. बहुतेक, वाईट बातमी ओरडून सांगायला कुणाचं तोंड होत नसणार, एवढीच गोष्ट असेल. वळणाला नाव पडलं हाळीचं वळण.

पुढं वाडीनंच रोजगार हमीवर रस्ता खणला आणि माझ्या वडिलांनी कोल्हापुरातनं एक जुना सहाचाकी ट्रक आणला. दरवाज्याला आतनं कडी लावायला लागायची, पण वाडीला तो रथ वाटला. कोल्हापूरचा गूळ घेऊन घाट उतरायचं, कोकणातनं चिरा भरून वर यायचं, हंगामात ऊस कारखान्यावर टाकायचा, हा त्याचा धंदा. पण वाडीचं सगळं त्याच्याच पाठीवर. खताची पोती, पत्रे, गाभण म्हशी, परीक्षेला जाणारी पोरं, बाळंतपणाला निघालेल्या बायका. कुणी कधी हात दाखवला आणि ट्रक थांबला नाही, असं वडिलांच्या काळात झालं नाही. मागच्या हौदात जागा नसली तर माणसं पोत्यांवर बसायची.

हाळीच्या जागी हॉर्न आला. वडील त्या वळणावर एकच लांब हॉर्न मारायचे. बाकी घाटात कितीही पों पों करा, पण हा वेगळा. वर बायका म्हणायच्या, ‘आली गाडी, समदी बरी हाईत.’ आणि माणूस गेलेला असला की हॉर्न नाही. मी विशीत असताना वडिलांबरोबर एकदा तसा आलो होतो. शेजारचे आजोबा हौदात होते, ताडपत्रीखाली. वळण आलं तसा वडिलांनी स्टिअरिंगवरचा उजवा हात काढला आणि मांडीवर ठेवला. चुकून हॉर्नवर पडू नये म्हणून. एका हातानं त्यांनी ते सगळं वळण काढलं. वर पोचलो तेव्हा अंगणात माणसं उभी होती, पाणी तापत होतं, कुणाला काही सांगावं लागलं नाही.

म्हणजे रीत मला ठाऊक होती. ठाऊक नव्हतं असं म्हणायला मला जागाच नाही.

वडील गेल्यावर ट्रक माझ्याकडं आला, आणि ट्रकाबरोबर मानही. लग्नाचं वऱ्हाड न्यायचं तर आमच्याच गाडीतनं. हौद धुऊन काढायचा, खाली पिंजर म्हणजे भाताचं काड, वर सतरंज्या, पुढं केळीचे खुंट बांधायचे. नवरदेव किंवा नवरी केबिनमध्ये माझ्या शेजारी. टॉवेल-टोपी मिळायची ती नावाला, खरी मिळायची ती ऐट. वाडीतल्या प्रत्येक लग्नात माझी एक जागा ठरलेली होती, आणि ती मला फार प्यारी होती, हे ती गेल्यावर कळलं.

आमच्या घराच्या वरच्या अंगाला एक काका-काकी राहायचे. नात्यानं लांबचे, रोजच्या उठबशीनं जवळचे. काकी म्हणजे हसऱ्या तोंडाची, मोठ्या आवाजाची बाई. हातात कोपरापर्यंत म्हणाव्यात इतक्या हिरव्या बांगड्या, चालली की आधी बांगड्या ऐकू यायच्या. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न त्या वैशाखात ठरलं. मी गाडीचा हौद धुऊन ठेवला. लग्नाच्या चार दिवस आधी कळलं, की त्यांनी खालनं मिनीबस सांगितलीय.

काका स्वतः सांगायला आले. म्हणाले, “राग मानू नगंस. पोरींच्या साड्या खराब व्हत्यात ट्रकात. आनी पावणं शहरातलं हाईत.”

मी म्हटलं, “मी कशाला राग मानू? तुमची पोर, तुमचं लगीन.”

आणि राग मानला. असा मानला की लग्नात जेवलो नाही, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. मिनीबस आमच्या दारावरनं वर गेली तेव्हा तिचा पत्रा कुठं घासतो का ते बघत उभा राहिलो. घासला नाही. सोन्यासारख्या शेजाऱ्यांशी मी दोन महिने तुटकं बोलत होतो, आणि त्यांना वाटायचं मी कामात आहे.

श्रावणात एका सकाळी काकांच्या पोटात कळ उठली. माणूस गुरासारखा ओरडत होता. तेव्हा मात्र मी काही मनात आणलं नाही, गाडी काढली आणि दीड-दोन तासांत कोल्हापूर गाठलं. आतड्याला पीळ पडला होता. लगेच ऑपरेशन झालं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण स्वतःच्या बाजूनं लिहिण्यासारखं माझ्याकडं एवढंच आहे.

काकी दोन दिवस दवाखान्यात राहिली, मग घरची गुरं कोण बघणार म्हणून वर आली. मुलगी आणि जावई काकांजवळ थांबले. दवाखान्यातनं सोडायचा दिवस ठरला तेव्हा मी काकीला सांगून निघालो, “उद्या दुपारपातूर आणतो.” पण डॉक्टरांनी आणखी एक दिवस ठेवून घेतलं. वाडीत तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती. निरोप द्यायला माणूस नव्हता. काकी आदल्या दिवशी दुपारपासनं दारात बसून होती, हे मला नंतर कळलं. पण ती वाट बघत असणार हे कळायला काही ज्योतिषी लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मुलगी सासरी गेली, क्लीनर त्याच्या गावी गेलेला. हौदात पेंडीची आणि सिमेंटची पोती, केबिनमध्ये मी आणि काका. काका पोटाला उशी धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. मी जपून चालवत होतो. कळे गावाच्या पुढं एका मोठ्या खड्ड्यात चाक गेलं तसे ते कण्हले, आणि मग जरा हसून, आपल्याच दुखण्याची चेष्टा केल्यासारखं म्हणाले, “त्या मिनीबसच्या शिटा मातर लई मऊ हुत्या बघ.”

त्या माणसाच्या पोटाला टाके होते. त्याला तिथं मऊ सीट आठवली तर त्यात त्याचं काय चुकलं? पण माझ्या टाळक्यात कुणीतरी काडी ओढावी तसं झालं. पुढचे तीस किलोमीटर मी एक शब्द बोललो नाही. ते बिचारे पावसापाण्याचं बोलत होते, मध्येच डुलकी घेत होते. मी मनात भांडत होतो. चिरा वाहणारी गाडी लग्नाला चालत नाही, मरायला टेकल्यावर चालते. साड्या खराब होतात, आता धोतर खराब होत नाही काय? असलं सगळं.

डांबरी सोडून आम्ही वर चढायला लागलो. धुकं खाली उतरलेलं, भुरभुर चालू. पहिल्या गिअरमध्ये गाडी ओरडत चालली होती. हाळीचं वळण आलं. काका ताठ बसले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, “मार की हॉर्न. वाट बघत आसंल ती.”

मी म्हटलं, “मिनीबसवाल्याला सांगा मारायला.”

ते हसले. त्यांना थट्टा वाटली. आणि मी हॉर्न न मारता वळण काढलं.

विसरलो नव्हतो. ऐकू न येण्याचा काय अर्थ होतो तो त्या क्षणी मला लख्ख आठवत होता. उलट मनात आलं, बसू दे जरा घोर जिवाला. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, गाडी दारात गेली की कळेलच. माणूस दहा मिनिटं रडला तर काय बिघडतं, असं मला वाटलं. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहून बघतोय. लिहिल्यावर तर ते जास्तच घाणेरडं दिसतंय.

काकांचं हसू पुढच्या वळणापर्यंत मावळलं. ते म्हणाले, “अरं, खरंच न्हाय मारलास व्हय?” मी गिअर बदलला.

वाडीच्या पहिल्या घरापाशीच हंबरडा कानावर आला. काकांनी माझ्या दंडाला धरलं. अंगणात सगळी वाडी गोळा झाली होती. पुरुष डोकी खाली घालून उभे, एकानं गोवऱ्या काढायला घेतलेल्या. काकी दारातल्या धुण्याच्या दगडाशी बसली होती आणि दोघी-तिघी म्हाताऱ्यांनी तिला धरलं होतं. दगडावर हिरव्या काचा पडल्या होत्या. कपाळ पुसलेलं होतं, पुसताना पसरलेलं कुंकू कानापर्यंत गेलं होतं. एका मनगटाला काच लागून रक्त येत होतं.

काका दार उघडून, पोट धरून, एक पाय खाली, मग दुसरा, असे उतरले. म्हणाले, “अगं, मी हाय की.”

मग मागनं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळं अंगण हसत सुटलं. माणूस जिवंत निघाला या आनंदाचं ते हसणं होतं, ते मी वाईट म्हणत नाही. रडणाऱ्या म्हाताऱ्याही पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकी तेवढी हसली नाही. तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं, डोक्यापासनं पायापर्यंत, आणि मग आपली उघडी मनगटं पदराखाली घेतली. चोरी पकडली गेल्यासारखी ती तशीच बसून राहिली.

वाडीतल्या थोरल्या आजोबांनी मला विचारलं, “हॉर्न का न्हाय मारलास रं?”

खरं बोलायची ती वेळ होती. चार शिव्या बसल्या असत्या. आजोबांनी कानफटात दिली असती. संध्याकाळपर्यंत प्रकरण मिटलं असतं.

मी म्हटलं, “मारला की! वाऱ्यात गेला आसंल.”

“इंजन आलं ऐकू, आनी हॉर्न न्हाय?”

“पाणी गेलंय हॉर्नात. बारीक येतोय आवाज.”

काका माझ्याकडं बघत होते. मी टायरकडं बघत होतो. टायरला चिखल होता, तो मी काठीनं काढायला लागलो. तेवढ्यात एकजण म्हणाला, “व्हय, मला आला की बारीकसा ऐकू.” हौदातलं सिमेंट त्याचंच होतं. मग दुसऱ्यालाही आठवलं की त्यालाही काहीतरी आल्यासारखं वाटलं होतं. बघता बघता निम्म्या वाडीनं माझा हॉर्न ऐकला. ज्या म्हाताऱ्यांनी काकीचे हात धरून दगडावर आपटले होते, त्यांनीही आपले हात झटकले. एक म्हणाली, “आमी म्हनत हुतो, गाडी तर येऊ दे दारात. हीच लई घाईवर आली.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. इथं तर चोर फाशी बघायला पुढच्या रांगेत उभा होता.

चौथ्या दिवशी वाडीत कासार आणला. देवाला नारळ फोडला, काकीनं नव्या बांगड्या भरल्या, कुंकू लावलं. झालं गेलं गंगेला मिळालं, असं सगळ्यांनी म्हटलं. पण मिळालं नाही. पोरंटोरं तिला पाठीमागं ‘घाईची काकी’ म्हणायला लागली. कुणी चुलीवरचं दूध लवकर उतरवलं की बायका म्हणायच्या, “अगं, काकीगत करू नगंस.” चेष्टाच ती, पण रोजची. संक्रांतीला हळदी-कुंकू लावताना बायकांचा हात तिच्या कपाळापाशी किंचित थबकायचा. लग्नात पाच सवाष्णींना हळद लावायला बोलवायचे तेव्हा ती स्वतःच कुठंतरी भांडी घासायला जाऊन बसायची. मोठ्या आवाजाची ती बाई हळूहळू बारीक बोलायला लागली.

आणि काका गप्प राहिले. जखम चिघळली होती, त्यामुळं टाके काढायला, मलमपट्टीला, पुन्हा दाखवायला, वर्षभर त्यांच्या कोल्हापूरच्या खेपा चालू होत्या. त्या सगळ्या मी केल्या. भाडं घेतलं नाही. वाडीत माझं नाव झालं, शेजारी असावा तर असा. मी ते नावही घेतलं. खेपेला केबिनमध्ये आम्ही दोघंच असायचो आणि काका पावसापाण्याचं बोलायचे. हाळीच्या वळणावर मी न चुकता हॉर्न मारायचो, लांब, आणि ते काचेतनं बाहेर बघायचे. त्यांनी एकदा मला आईवरनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी ती दिली नाही. मला वाटायचं, विसरले असतील. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीचं डोहाळजेवण आलं. या वेळी मिनीबस नाही, काका म्हणाले, आपलीच गाडी. मी हौद धुतला, सतरंज्या टाकल्या. काकीनं मुलीसाठी हिरवं लुगडं घेतलं होतं, वाटेत दहा वेळा पिशवी उघडून तिनं ते बघितलं. खाली गडमुडशिंगीत मुलीचं सासर. बायका आत, आम्ही पुरुष मांडवात. थोड्या वेळानं काकी पिशवी घेऊन बाहेर आली आणि पायरीवर बसली. मी विचारलं, “काय झालं?”

ती म्हणाली, “काय न्हाय. आत लई उकडतंय.”

आतनं एका बाईचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मुलीची सासू कुणाला तरी समजावत होती, “एकदा फुटल्यात न्हवं तिच्या? मग? पहिलटकरणीची ओटी आहे, म्हटलं दुसऱ्या कुणाच्या तरी हातनं भरूया.”

गोष्ट वाडीतनं एवढ्या लांब गेली होती. मी उठून आत जायचं, आणि चार बायकांसमोर म्हणायचं, की हॉर्न मी मारला नव्हता, मुद्दाम मारला नव्हता, या बाईचा काही दोष नाही. एवढंच करायचं होतं. पंगत मांडली होती. मी पंगतीत जाऊन बसलो आणि पुरणपोळी खाल्ली. दोन खाल्ल्या. तिसरीला नको म्हटलं तेव्हा वाढणारी बाई म्हणाली, “लाजू नका पावणं.”

नंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. रस्त्यावर डांबर पडलं. पोरांनी पिकअप घेतल्या. टॉवर झाला, रेंज आली, आता गाडी कळ्यात असतानाच ‘कुठं आलाईसा’ म्हणून फोन येतो. हॉर्नचा अर्थ लावायची कुणाला गरज उरली नाही. मी ट्रक मोडीत दिला आणि खाली येऊन गॅरेज घातलं. पण पाप काही मोडीत निघत नाही. त्याला गिऱ्हाईक नसतं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. घरीच, सकाळी, चहा पिऊन झाल्यावर. मी वर गेलो. अंगणात तोच दगड होता. हल्ली खालच्या गावांतनं बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, असे ठराव होतात. वाडीतल्या नव्या सुनांनी ते ऐकलेलं. त्या पुढं होऊन म्हणाल्या, “काकींच्या बांगड्या फोडू नका कुणी.”

तेव्हा एक म्हातारी म्हणाली, “तिच्या तर कवाच फोडून झाल्यात की.”

मयताच्या अंगणात दोघी-तिघी तोंड दाबून हसल्या. सोळा वर्षांनी. काकीनं वर बघितलं नाही. तिनं एक-एक बांगडी स्वतःच्या हातानं उतरवली, न फोडता, आणि नवऱ्याच्या उशाशी ठेवली. मी खांदा द्यायला उभा होतो. त्या बायकांचं हसणं मी सोळा वर्षांपूर्वी पेरलं होतं, आणि खांदा देताना मला ते काकांच्या वजनापेक्षा जड वाटत होतं.

तेरावं झाल्यावर महिन्याभरानं मी पुन्हा वर गेलो. काकी ओसरीवर सुपात नाचणी पाखडत होती. मी समोर बसलो आणि आडवळण न घेता सांगून टाकलं. “काकी, त्या दिशी मी हॉर्न मारलाच नव्हता. मिनीबसचा राग धरून. जाणूनबुजून.”

सूप थांबलं नाही. ती म्हणाली, “ठाव हाय.”

“कवापास्नं?”

“त्याच दिशी. दिवं लागायच्या आत ह्यांनी सांगितलं मला.”

मी म्हटलं, “मग बोलला का न्हाईसा? तुमी दोघं बी?”

“बोलून?” तिनं सूप खाली ठेवलं. “टाकं काढाय जायचं हुतं. मलमपट्टी हुती. तुझी गाडी सोडून दुसरी कुठली हुती वाडीत? ह्ये म्हणालं, त्याला चारचौघांत तोंडावर पाडलं, तर पुना न्हेणार न्हाय तो मला. मी म्हटलं, मग ऱ्हाऊ दे. मी घेते माझ्याकडं.”

मी म्हटलं, “आता मी सांगतो सगळ्यास्नी. देवळात जाऊन सांगतो. तुमच्या लेकीच्या सासरी जाऊन सांगतो.”

“नगो,” ती पटकन म्हणाली. “तिकडं आता कुठं इसराय लागल्यात. चार-पाच वर्सांत नात लग्नाला यील. तू सांगितलास की पुना त्येच निघंल.”

म्हणजे खरं सांगायचीही वेळ मी घालवली होती. तिनं सांगू नको म्हटलं, म्हणून मी वाडीत बोललो नाही. इथं लिहिलं, तेही तिला न विचारता, आणि बहुधा माझ्याच जिवाला बरं वाटावं म्हणून.

पण त्या दिवशी ओसरीवर मला एक गोष्ट तिला पटवून द्यायची होती. माझी तेवढी एकच बाजू होती. मी म्हटलं, “काकी, तुमी खरं बोलला असता, तरी मी काकास्नी न्हेलंच असतं. किती बी शिव्या घातल्या असत्या तरी न्हेलं असतं. पहिल्या दिशी न्हेलंच की न्हाय?”

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखाद्या आडमुठ्याला हिशेब समजावून सांगावा तसं ती सावकाश म्हणाली, “न्हेलं असतंस बी. पर आमी कशावर इस्वास ठेवायचा बाबा? एका मिनीबसपायी तू त्यास्नी जित्तेपणी मारून आणलंस. चारचौघांत तोंडावर पाडल्यावर तू काय करशील, ते आमाला कसं ठाव असणार?”

एवढं बोलून तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. नेलं असतं, असं मी अजून म्हणतो, पण ते खरं मानावं असं त्या बाईला मी काहीच दिलं नव्हतं.